चार्ज होतंय ना?

नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या त्या दुकानातल्या पोराने माझी केबल गल्ल्याशेजारच्या एका जुनाट मोबाईलला खुपसली, बॅटरीचं चित्र उगवल्यावर तो मोबाईल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "चार्ज होतंय ना, सर? मग केबल ओके आहे." एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा. भर दुपारी, पाच-सहा लोकांच्या देखत. मला अजून राग येतोय, म्हणून लिहितोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत वॉचमन पंप चालू करतो आणि चहाला जातो. टाकी भरते, वाहते, आणि ओव्हरफ्लोचा पाइप नेमका माझ्या गॅलरीच्या डोक्यावर सोडलेला असल्यामुळे माझे वाळत घातलेले कपडे दुसऱ्यांदा धुऊन निघतात. टाकीत पाणी किती आहे ते मोबाईलवर दिसलं, तर निदान ओरडता तरी येईल, या माफक अपेक्षेने मी ईएसपी ३२ या चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड मागवला, म्हणजे प्रोग्रॅम भरून हवं ते काम करून घ्यायचा चिमुकला कॉम्प्युटरच. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१६ साली आली. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी रॅम, वर वायफाय आणि ब्लूटूथ, आणि हे सगळं पत्र्याच्या एका चिमुकल्या झाकणाखाली. किंमत दोन माणसांच्या मिसळ-ताकाच्या आसपास. ऐकून मी हरखलोच होतो.

खोक्यात बोर्ड होता. बस. कागद नाही, चिठोरं नाही, केबल तर नाहीच. शिकवणारे व्हिडिओ सगळे एका सुरात सुरू होतात, "बोर्ड कॉम्प्युटरला जोडा", आणि पुढच्या क्षणी त्यांचा दिवा लुकलुकायला लागलेला असतो. मधली आमची जी दशा होते तिच्यावर कुणी व्हिडिओ काढत नाही.

म्हणून मी त्या दुकानातून दीडशे रुपयांची केबल आणली. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'फास्ट चार्जिंग + डेटा'. जोडली. बोर्डावरचा लाल दिवा ऐटीत लागला. कॉम्प्युटरला मात्र काही जोडलंय याचा पत्ताच नाही. घोडं इथेच पेंड खात होतं. यूएसबीच्या या साध्या केबलमध्ये चार तारा लागतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. पण नुसत्या चार्जिंगच्या म्हणून ज्या केबली बाजारात फिरतात, त्यांत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. तांबं वाचतं. बाहेरून रंग तोच, पिन तीच, पाकीटही तेच. दिवा लागलाच नसता तर मी लगेच केबलवर संशय घेतला असता. तो लाल दिवा घात करतो. त्याच्या भरवशावर मी ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला बोर्डाची ओळख करून देणारं सॉफ्टवेअर, टाकले, काढले, पुन्हा टाकले. बोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्यात दुभाष्याचं काम करणाऱ्या बारक्या चिपवर सीपी २१०२ लिहिलंय की सीएच ३४०, हे टॉर्च आणि भिंग घेऊन वाचलं, कारण दोघांचे ड्रायव्हर वेगळे. शेवटी केबल खिशात घालून पुन्हा एम. जी. रोड.

"चार्ज होतंय, पण डेटा जात नाहीये," मी त्या पोराला सांगितलं.

"डेटा पॅक संपला असेल, सर. रिचार्ज समोरच्या दुकानात."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शेजारी एक बाबा उभे होते. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टीव्हीचा रिमोट. निफाडकडचे, नातवाच्या ॲडमिशनसाठी नाशकात आले होते, जाता जाता रिमोट दाखवायला शिरलेले. पोराने त्यांचा रिमोट घेतला, आपल्या मोबाईलचा कॅमेरा उघडला, रिमोटचं तोंड कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबलं. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेडचा ठिपका स्क्रीनवर जांभळा जांभळा लुकलुकला.

"लाईट येतीय ना, बाबा? रिमोट ओके आहे."

"घरी टीव्ही लागत नाय."

"मग टीव्हीचा प्रॉब्लेम असेल."

"टीव्हीवाला बोलला टीव्ही वक्के हाये." बाबांनी रिमोट परत पिशवीत घातला, पिशवीला व्यवस्थित गाठ मारली आणि विचारलं, "रिमोट वक्के, टीव्ही वक्के. मंग बिघडलोय कोण, मी?"

पोराकडे याला उत्तर नव्हतं. त्याने एक चार्जर दाखवायला काढला, दुसऱ्याच कुणाला तरी. मला वाटलं आता बाबा जातील. ते माझ्याकडे वळले.

"तुमचं काय बिघाडलं?"

"केबल, बाबा. एका यंत्राला जोडायचीय."

"कसलं यंत्र?"

"वायफायचं."

बाबांनी माझ्या हातातल्या केबलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वायफायचं. मंग वायर कशापायी?"

सगळं दुकान माझ्या उत्तरासाठी थांबलं. मी सांगितलं की आधी त्यात प्रोग्रॅम भरावा लागतो, तो वायरने, आणि मग ते बिनवायरचं चालतं. सांगताना मलाच ते लटकं वाटायला लागलं.

"केवढ्याला घेतलं?"

मी आकडा सांगितला.

"आणि वायर नाय दिली? अहो, फवारणीचा पंप घेतला तरी नळी संगं देत्यात." ते पोराला उद्देशून म्हणाले, जणू बोर्ड त्यानेच विकला होता. "आन् यंत्र करतं काय?"

"टाकी भरली की मोबाईलवर कळवतं."

"कळवतं. आन् मोटार?"

"मोटार वॉचमन बंद करतो."

यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सावकाश सांगितलं की त्यांच्या विहिरीवर मोबाईलचा स्टार्टर आहे. रात्रीच्या पाळीला लाईट आली की गादीवरूनच मिस कॉल देतात, द्राक्षबागेची मोटार चालू. पूर्वी थंडीत बॅटरी घेऊन बांधाने जावं लागायचं, विंचू-काट्यातून. "तुमच्या टाकीला फ्लोट स्विच नाय का? तरंगतं बोंडूक असतंय बघा. पाणी वर आलं का मोटार आपोआप बंद. त्याला ना वायफाय, ना वॉचमन."

दुकान हसलं. सगळ्यात जोरात ते पोरगं. "सर, फ्लोट स्विच समोरच्या गल्लीत मिळेल," तेवढ्यात त्याने पुरवणी जोडलीच.

त्यांना काय सांगणार? फ्लोट स्विच आमच्या सोसायटीच्या सभेत केव्हाच मंजूर झालाय. ठराव झाला, सूचक-अनुमोदक झाले, तीन कोटेशनं मागवायची ठरली. एकाच इलेक्ट्रिशियनने दिलं. बाकीची दोन येईपर्यंत पाणी माझ्या गॅलरीत पडतंय. नाशिककरांना गंगापूर धरणातल्या साठ्याची टक्केवारी रोज सकाळी पेपरात लागते, आणि स्वतःच्या डोक्यावरची टाकी वाहतेय हे कुणाला दिसत नाही. मार्चपासून टँकरची चर्चा करणारेही हेच लोक.

असो. बाबांनी माझी केबल मागून घेतली, तळहातावर तोलली, चिमटीत धरून वाकवली. "हलकी हाये," ते म्हणाले. मग समोरच्या ट्रेमध्ये हात घालून एकेक केबल उचलून बघू लागले, भाजीबाजारात कांदा निवडावा तशा. एक जाडशी काळी बाहेर काढली. "ही न्या. हिच्यात तांबं हाये."

आणि दुःख याचं आहे की ती चालली. चौदा व्हिडिओवाल्यांना जे सुचलं नाही ते टीव्हीच्या रिमोटसाठी आलेल्या माणसाने वजनावर ओळखलं.

पहिली केबल परत घ्या म्हटलं तर पोराने मागच्या पाटीकडे अंगठा केला, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. आता २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरायचे. मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "बिल आहे का, सर?" बिल नव्हतं, कारण घेताना मागितलं तेव्हा "बिल केलं तर जीएसटी लागेल" असं उत्तर मिळालं होतं. बिल न देणं हीदेखील त्याच कायद्यात अनुचित प्रथाच आहे, पण हे सिद्ध करायला पुन्हा बिलच लागणार. पाकिटावर 'डेटा' छापून आत दोन तारा कमी घालणारा कुठे बसलाय कोण जाणे; त्याला कुणी विचारत नाही. शेवटी मी दुसऱ्या केबलचेही पूर्ण पैसे मोजले. बाबा पिशवी घेऊन सीबीएस बसस्टँडच्या दिशेने गेले, रिमोट तसाच.

घरी कॉम्प्युटरला बोर्ड दिसला. मग प्रोग्रॅम पाठवताना पडद्यावर टिंबं आणि आडव्या रेघा यायला लागल्या, आणि शेवटी 'टाइम्ड आउट वेटिंग फॉर पॅकेट हेडर', म्हणजे वाट पाहून थकलो, बोर्ड उत्तरच देत नाही. त्याला इलाज म्हणजे ती टिंबं येत असताना बोर्डावरचं 'बूट' नावाचं बटण दाबून धरायचं. काही बोर्डांना लागतं, काहींना नाही. माझ्याला लागतं, हे ओघाने आलंच. दाबून धरलं आणि निळा दिवा लुकलुकला. मग वायफाय. ही चिप वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलते, आणि आमचा राउटर बसवून गेलेल्या माणसाने ५ गिगाहर्ट्झ तेवढं चालू ठेवलं होतं. त्याच्याशी फोनवर झालेलं संभाषण इथे देत नाही. सांगण्यासारखं एवढंच, की राउटरही ओके निघाला.

आता बोर्ड तयार आहे, टाकीच्या तोंडाशी लावायचा, ध्वनिलहरींनी पाण्याची पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सरही आलाय. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. काल मागायला गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाण्याजवळ इलेक्ट्रिकचं काम आहे, साहेब. असं नाही करता येत. अर्ज द्या, पुढच्या सभेत घेऊ. आणि हो, तीन कोटेशनं जोडा."