फुटके दगड आणि दोन खोल्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

स्कॉटलंडच्या अँगस जिल्ह्यातल्या संग्रहालयांवर मी लिहिलेल्या लेखाखाली काल तुमची प्रतिक्रिया आली. खाली नाव नाही. सोडून देणार होते, पण तिला बऱ्याच जणांनी दुजोरा दिलेला बघितला आणि उत्तर द्यायचं ठरवलं. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गाभा असा : "ताई, दोन खोल्यांत मांडलेले फुटके दगड बघायला एवढ्या लांब कोण जातं? तेच सगळं एडिंबऱ्याच्या मोठ्या संग्रहालयात एका छपराखाली बघता येतं." शिवाय लेख लांबला, बसची माहिती अपुरी आहे, तिकडे राहणाऱ्यांना वेळ भरपूर असतो, आणि इंग्रजांच्या दगडांचं कौतुक करण्याआधी आपले किल्ले बघावेत.

आधी सुराबद्दल बोलते. ‘ताई’ म्हणायचं आणि लगेच वेळ भरपूर असल्याचा टोमणा मारायचा, ही कुठली पद्धत? मी डंडीत नोकरी करते. घर सांभाळून, रात्री उशिरा बसून हे लेख लिहिते आणि त्याचे मला पैसे मिळत नाहीत. तुम्हाला लेख आवडला नाही, ठीक आहे, तसं सरळ लिहा. माझ्या वेळेचा हिशोब तुम्ही मांडायचं कारण नाही.

बसचं म्हणणं मात्र रास्त आहे. आर्ब्रोथ आणि माँट्रोज ही दोन्ही गावं डंडी-ॲबर्डीन रेल्वेमार्गावर आहेत एवढं मी लिहिलं, पण तिथून आत खेड्यांत कसं जायचं ते लिहिलं नाही. ती भर घालते. लेखाची लांबी तेवढीच राहील.

आता ते फुटके दगड. हे वाक्य मला लागलं, आणि का लागलं ते सविस्तर सांगते.

फॉर्फरहून ब्रेखिनला जाणाऱ्या रस्त्यावर ॲबर्लेम्नो नावाचं लहानसं खेडं आहे. तिथल्या चर्चच्या आवारात माणसापेक्षा उंच शिळा उभी आहे. एका बाजूला क्रूस, त्याच्या दोन्ही अंगांना एकमेकांत गुंतलेले प्राणी. मागच्या बाजूला लढाई. वर एक घोडेस्वार दुसऱ्याच्या मागे लागलाय, पळणाऱ्याने ढाल-तलवार टाकून दिली आहे. मधल्या पट्टीत तीन पायदळी सैनिक एकामागे एक उभे राहून समोरून येणाऱ्या स्वाराला अडवतायत : पुढच्याकडे ढाल-तलवार, त्याच्या मागच्याचा लांब भाला पुढे आलेला. खाली दोन स्वार समोरासमोर, आणि उजव्या कोपऱ्यात एक माणूस मरून पडलाय आणि पक्षी त्याला टोचतोय. इसवी सन 685 मध्ये पिक्टांचा, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पूर्वेकडच्या प्राचीन लोकांचा, राजा ब्रिडेई याने दक्षिणेकडच्या नॉर्थम्ब्रिया राज्याचा राजा एग्फ्रिथ याला ठार मारलं, ती ही लढाई असं बरेच जण मानतात. विद्वानांत एकमत नाही, शिळा त्या लढाईनंतर बऱ्याच काळाने कोरली असावी असंही म्हणतात. पण पिक्टांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. त्यांच्या हातचं जे शिल्लक आहे ते मुख्यतः असल्या दगडांवरच. त्याला तुम्ही फुटके दगड म्हणता.

माझे वडील तालुक्याच्या शाळेत इतिहास शिकवायचे. आमच्या गावी मारुतीच्या देवळामागे वीरगळ होते. खालच्या चौकटीत झुंज, त्याच्या वर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. वडील मला एकेक चौकट बोटाने दाखवून सांगायचे. बाकी गावाला त्यांचं काही नव्हतं. त्यावर धुणं आपटायचे, पोरं चढून बसायची. पुढे देवळाचा जीर्णोद्धार निघाला आणि ते वीरगळ नव्या जोत्यात गेले. वडिलांनी गावकीत हे बोलून बघितलं, तेव्हा त्यांना मिळालेलं उत्तर हेच होतं : फुटके दगड तर आहेत, मास्तर. त्यामुळे हे शब्द माझ्यासाठी नवीन नाहीत आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारीही नाही.

आता आर्ब्रोथला लागून असलेल्या सेंट व्हिजन्सचं बघा. टेकाडावर लाल वालुकाश्माचं चर्च, पायथ्याशी बैठ्या घरांची ओळ. चर्चच्या भिंतींत जुने कोरीव दगड बांधकामाला वापरलेले होते, अगदी आमच्या जोत्यासारखेच. एकोणिसाव्या शतकात तिथेही जीर्णोद्धार झाला. पण त्या लोकांनी दगड ओळखले, सोडवले आणि जपले. आज त्याच घरांपैकी काहींमध्ये 38 कोरीव दगड मांडलेत. त्यातल्या ड्रॉस्टन शिळेच्या कडेला लॅटिन लिपीत ड्रॉस्टन, वोरेट, फोर्कस अशी नावं कोरलेली आहेत. पिक्टांच्या शिळेवर असा मजकूर सापडणं फार दुर्मिळ. मी तिथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला वडिलांची आठवण आली आणि रडू आलं. तुम्हाला तसं व्हावं अशी अपेक्षा नाही, पण ज्या ठिकाणी मला रडू आलं त्याची दोन खोल्या म्हणून बोळवण करू नका.

एडिंबऱ्याचं राष्ट्रीय संग्रहालय मी बघितलंय, पुन्हा पुन्हा बघते, आणि त्याच्याविरुद्ध मी एक अक्षर लिहिलेलं नाही. पण ‘तेच सगळं तिथे आहे’ हे साफ चूक आहे. ॲबर्लेम्नोची शिळा ॲबर्लेम्नोत आहे आणि ड्रॉस्टन सेंट व्हिजन्सला आहे. आणि दगड गावातून हलवला की काय होतं हेही माहीत करून घ्या. उत्तर स्कॉटलंडच्या ईस्टर रॉस भागातली हिल्टन ऑफ कॅडबॉल गावची पिक्टांची शिळा 1921 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेली. स्कॉटलंडमध्ये ओरड झाली म्हणून ती परत आली, पण एडिंबऱ्याला. पुढे 2001 मध्ये मूळ जागी खणताना तिचा तळाचा भाग सापडला. तो गावकऱ्यांनी जवळच बालिंटोरला ठेवून घेतलाय. आज एकच शिळा दोन ठिकाणी आहे. सगळं एका छपराखाली आणायच्या हौसेची ही किंमत आहे.

दोन खोल्यांवरून आर्ब्रोथच्या सिग्नल टॉवरबद्दलही बोलावंच लागेल, कारण तुमचा रोख बहुतेक तिकडे होता. बंदराजवळची ही इमारत 1813 ची. समुद्रात साधारण 18 किलोमीटरवर बेल रॉकचं दीपगृह आहे, त्याचं हे किनाऱ्यावरचं ठाणं. तो खडक भरतीला पूर्ण पाण्याखाली जातो. 1807 पासून अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सनच्या माणसांनी ओहोटीच्या थोड्या तासांत तिथे पाया खणला, आणि 1 फेब्रुवारी 1811 ला दिवा लागला. दीपगृहावरच्या रखवालदारांची बायकामुलं या टॉवरमध्ये राहायची आणि खुणांनी निरोप जायचे. मूल झालं की मुलगा असेल तर काठीवर विजार चढवायचे, मुलगी असेल तर परकर, असं तिथे सांगतात. हे ऐकून खिडकीशी जावं आणि हवा स्वच्छ असेल तर ते दीपगृह समोर पाण्यात दिसावं, ही सोय कुठल्याही राजधानीतल्या दालनात होणार नाही. जागा लहान आहे हे खरं, पण ती जागेवर आहे.

राहिला ‘इंग्रजांचे दगड’ हा मुद्दा. 1320 मध्ये आम्ही स्कॉट लोक इंग्रजांच्या अमलाखाली राहणार नाही असं पोपला कळवणारं पत्र ज्या गावाच्या नावाने ओळखलं जातं, ते गाव हेच आर्ब्रोथ. तिथल्या माणसाला इंग्रज म्हणून बघा, तो तुम्हाला काय ते सांगेल. आणि आपल्या किल्ल्यांबद्दल म्हणाल तर राजगड, तोरणा मी लहानपणी वडिलांचं बोट धरून चढले आहे. त्याचा दाखला तुमच्याकडे मागायला मी येणार नाही. एक बघितलं की दुसरं बघायचं नाही, असा काही नियम आहे का? आपलाच संबंध शोधायचा असेल तर माँट्रोजच्या हमरस्त्यावर जोसेफ ह्यूम यांचा पुतळा आहे. 1885 मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरवणाऱ्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे ते वडील, मूळचे माँट्रोजचे. हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी : ॲबर्लेम्नोच्या शिळा हिवाळ्यात पाऊस आणि बर्फापासून जपायला लाकडी पेट्यांनी झाकून ठेवतात, तेव्हा वसंतानंतरच जा. सेंट व्हिजन्सला आधी विचारून जा, एरवी दार बंद मिळू शकतं. बसची माहिती या आठवड्यात लेखात टाकते. आणि तुम्हाला पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण खाली नाव घालून. निनावी प्रतिक्रियांना मी यापुढे उत्तर देणार नाही.