काठी हातात, डोळे मोबाईलवर. बरं, मग?

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो तिसऱ्यांदा आला. रेल्वेचा प्लॅटफॉर्म, एका हातात पांढरी काठी धरलेला माणूस, दुसऱ्या हातातला मोबाईल नाकाला टेकेल इतका जवळ. खाली मजकूर: ‘काठी हातात, डोळे मोबाईलवर! असले आंधळे आपल्या टॅक्सवर पोसले जातात. रेल्वे फुकट, नोकरीत चार टक्के राखीव, काम मात्र शेजारच्या टेबलवाल्यानं करायचं. आता मोबाईल सगळं वाचून दाखवतो, मग यांना सवलती आणि प्रशिक्षण केंद्रं कशाला? पटलं तर पुढे पाठवा.’

पाठवणारे काका सज्जन आहेत. गणपतीत आरतीच्या वेळी मला दंडाला धरून पुढे नेतात (मी न विचारता, पण ते असो). मीही काठी आणि मोबाईल दोन्ही वापरतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

‘मोबाईल बघतो, म्हणजे दिसतंय.’

दिसतंय की. किती आणि कुठलं, एवढाच प्रश्न आहे. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. यात आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेचं. मधलं बरीच वर्षं टिकू शकतं. कागदाची बारीक सुरळी करून एका डोळ्याला लावा, दुसरा मिटा आणि जिना उतरायला लागा. भिंतीवरच्या नोटिशीतली अक्षरं वाचता येतील, पायाखालची पायरी सापडणार नाही. माझी काठी पायांसाठी आहे आणि मोबाईल सुरळीच्या भोकासाठी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं हे नेमकं मोजून ठेवलंय. चष्मा लावूनही, त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरूनही दिसत नसेल, तर ते अंधत्व. नजरेचा आवाका दहा अंशांहून कमी असेल तरीही अंधत्वच, मग समोरचं अक्षर कितीही स्वच्छ दिसो. नजर याहून थोडी बरी, पण तरीही अधू असेल तर ती अल्पदृष्टी. पूर्ण अंधार असलेली माणसं या सगळ्यात थोडी. आणि ती थोडीही मोबाईल वापरतात: स्क्रीन काळी ठेवून, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकचा आवाज इतका भरधाव लावून की शेजारच्याला ते मराठी आहे हेही कळू नये.

खोटी प्रमाणपत्रं निघतात, हे मी नाकारत नाही. २०२४ साली अशाच आरोपांवरून आपल्याकडं केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. त्यांना जरूर पकडा. त्यासाठी वैद्यकीय मंडळ आहे, फेरतपासणी आहे. प्लॅटफॉर्मवर उभं राहून ती होत नाही.

‘रेल्वे फुकट.’

नाही. अंध प्रवाशाला स्लीपरला ७५ टक्के सूट, एसी टू-टियरला ५०. पुढे.

‘नोकरीत चार टक्के.’

चार टक्के सगळ्या दिव्यांगांना मिळून. अंध आणि अल्पदृष्टींच्या वाट्याला त्यातला एक. शिवाय हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे ज्या प्रवर्गातला उमेदवार निवडला जातो त्याच प्रवर्गाच्या जागेत तो मोजला जातो. हा एक टक्का १९९५ च्या कायद्यातही होता. पण तो एकूण पदांवर मोजायचा की फक्त आमच्यासाठी ठरवून दिलेल्या पदांवर, यातच वर्षं गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संवर्गातल्या एकूण पदांवर मोजा म्हणून सांगितलं, तोवर अनुशेष साचत राहिला. ‘आमच्या पोरांच्या जागा खाल्ल्या’ म्हणणाऱ्यांनी रिकाम्या राहिलेल्या जागांचाही हिशेब मांडावा.

‘काम मात्र शेजारचा करतो.’

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण नोकरी नाकारताना नेहमी हेच पुढे केलं जातं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. यूपीएससीत पहिल्यांदा ७७३ वा क्रमांक आला, रेल्वेची लेखा सेवा मिळायची होती, ती अंधत्वामुळं नाकारली गेली. पुढच्या प्रयत्नात १२४ वा क्रमांक. २०१९ मध्ये त्या तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. मध्य प्रदेशच्या नियमानं अंधांना न्यायाधीश होण्याची दारं बंद केली होती. ३ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला.

तुम्ही म्हणाल, ही मोठी माणसं. मग माझं टेबल घ्या. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, जो फुकट मिळतो. टाइप केलेलं पत्र मी शेजारच्या इतक्याच वेळात निकालात काढतो. अडतो तिथं, जिथं कोणीतरी तेच पत्र छापून, सही करून, वाकडंतिकडं स्कॅन करून पाठवतं. स्क्रीन रीडर त्याला फक्त ‘ग्राफिक’ म्हणतो. मग मी शेजारच्या भाऊंना हाक मारतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं, बघा, याचं काम भाऊ करतात. मूळ फाईल पाठवली असती तर हाक मारावी लागली नसती. २०१६ च्या कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात आणि ती देणं सरकारी कार्यालयावर बंधनकारक आहे.

त्याच कायद्याचं विसावं कलम काकांनी जरूर वाचावं. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. जमेल तसं दुसरं काम, तोच पगार. मधुमेहानं पडदा खराब झालेले, काचबिंदू उशिरा कळलेले, सगळे यात येतात. देहरादूनची राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन संस्था ज्या वसतिगृहातून वाढली, तेही १९४३ मध्ये युद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठीच उघडलं होतं. डोळस म्हणून जगलेल्या माणसांना पुन्हा कामाला लावायला.

‘मोबाईल सगळं वाचतो, मग केंद्रं कशाला?’

बरंच वाचतो, मान्य. २०२० च्या १ जानेवारीला रिझर्व्ह बँकेनं ‘मणी’ ॲप आणलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते सांगतं. भाजीवालीपुढं गर्दीत हे करून बघा. आम्ही नोट बोटांनीच मोजतो. नवी दोनशेची आणि पाचशेची रुंदीला सारखीच, लांबीला फरक चार मिलिमीटर. पाचशेच्या कडेला पाच तिरक्या उठावाच्या रेघा, दोनशेच्या चार आणि त्यांच्यामध्ये दोन ठिपके. नोट कोरी असेपर्यंत ते बोटांना लागतं. बाजारात फिरून मऊ पडली की रेघाही बसतात.

कार्डानं पैसे द्यावेत तर हल्ली दुकानातल्या मशीनला बटणंच नसतात, गुळगुळीत काच. पिन कुठं दाबायचा? गेल्या महिन्यात एका दुकानात मला तो काउंटरवरच्या मुलाला सांगावा लागला. एका बँकेच्या शाखेनं चेकबुकसाठी दोन साक्षीदार मागितले होते, आणि अंध ग्राहकाला चेकबुक नाकारायचं नाही असं रिझर्व्ह बँकेनं २००८ मध्येच कळवलंय. केवायसीत पापण्या मिचकावून दाखवा म्हणतात ते वेगळंच. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं हे बदलायला सांगितलं, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे म्हणून. मोबाईल कितीही हुशार असला तरी समोरचं दार त्याच्यासाठी उघडं हवं.

आणि रस्ता ओलांडायला मोबाईल शिकवत नाही. ते माणूस शिकवतो. काठी शरीराच्या मधोमध, मनगट हलवायचं, खांदा नाही. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडं टेकायचं, म्हणजे पुढची पावलाची जागा आधी तपासून होते. गटाराच्या लोखंडी झाकणावर टोक पोकळ वाजतं. चलनवलनाच्या प्रशिक्षणात मी दोन आठवडे एकाच गल्लीत वरखाली करत होतो. पिवळ्या फरशीवरच्या लांब रेघा म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, हेही तिथंच पायाच्या तळव्यांनी शिकलो. (आमच्या नाक्यावर त्या रेघा थेट विजेच्या खांबापर्यंत नेतात.) ही केंद्रं बंद केली तर मोबाईल खिशात ठेवून आम्ही घरात बसू. मग खरोखरच कोणीतरी पोसावं लागेल.

आता पुन्हा तो फोटो बघा. मी मोठा करून, तुकड्या-तुकड्यानं बघितला. मोबाईल डोळ्यापासून जेमतेम दोन बोटांवर, अक्षरं एवढी मोठी की एका ओळीत तीन शब्द. आणि फोटो बाजूनं काढलाय, दोन हातांच्या अंतरावरून, अगदी निवांत. त्या माणसानं मान वळवलेली नाही. कोण उभंय ते त्याला दिसलंच नसावं.