कुंग फूचा क्लास, पट्टा आणि अण्णांचे गुडघे

"पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेची फी महिन्याच्या फीपेक्षा जास्त? आणि तीही दर तीन महिन्यांनी?" दीपाने मोबाईलवरचा मेसेज सगळ्यांसमोर धरला आणि कट्टा पेटला.

दीपाला तिच्या आठ वर्षांच्या लेकीला कुंग फूला घालायचंय आणि जमलं तर स्वतःही जायचंय. डोंबिवली पूर्वेला आमच्या घरांजवळ असे दोन क्लास आहेत. मेसेज एकाचा. दुसऱ्यात मी आणि माझा मुलगा जातो, निवृत्त झाल्यापासून अण्णाही येतात. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सलीम कॉलेजात असताना कराटेत ब्लॅक बेल्ट झालाय. तो म्हणाला, "दीपा, चिनी कुंग फूत हे रंगीत पट्टे मुळात नव्हतेच. ही पद्धत जपानची, ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी काळा पट्टा आणला, पुढे तो कराटेत आला आणि मग जगभरच्या क्लासांनी उचलला. चीनमध्ये वूशूची, म्हणजे चिनी युद्धकलांची, अधिकृत 'दुआन' श्रेणी तर नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली. त्यामुळे पट्टा ही हजार वर्षांची परंपरा वगैरे कोणी सांगितलं, तर तिथून सरळ निघ."

"पण लहान पोरांना पुढचं काहीतरी दिसायला हवं ना?" दीपाचा मुद्दा बरोबर होता. माझ्या मुलाने पट्ट्यासाठीच पहिलं वर्ष काढलं. माझा आक्षेप पट्ट्याला नाही, कॅलेंडरला आहे. ज्या पोराचा घोडा-पवित्रा, म्हणजे पाय फाकवून गुडघ्यांत वाकून उभं राहणं, अजून डगमगतोय, त्याला तीन महिने झाले म्हणून परीक्षेला बसवायचं आणि पासही करायचं, यात पोराचं नुकसान आहे. त्याला कळत असतं की आपल्याला अजून येत नाहीये.

इतका वेळ गप्प बसलेला बंड्या आता उसळला. तो कोल्हापूरचा, आजोबांचा हात धरून तालमीत गेलेला. "आपल्याकडे मर्दानी खेळ आहेत, लाठी आहे, मल्लखांब आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवले. आणि तुम्ही पोरांना चिनी आकडे मोजायला शिकवता?"

"बंड्या, माझ्या लहानपणी आमच्या गावच्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत मुलींना येऊ देत नव्हते," दीपा म्हणाली. त्यावर कोणी काही बोललं नाही. मग बंड्याच म्हणाला की आता तसं नाही, मुली दोरीच्या मल्लखांबावर काय काय करतात ते बघायला ये एकदा. तेही खरंच आहे. पण मला त्याला एवढंच विचारायचं होतं की चाळिशीच्या बाईला 'या, पहिल्यापासून शिका' असं आपल्या भागात कोण म्हणतंय? आमच्या क्लासमध्ये म्हणतात. पहिल्या रांगेत सात-आठ वर्षांची पोरं, मागे त्यांचे आईवडील, आणि सगळ्यांना तोच पवित्रा, तीच मूठ. बापाला घाम फुटलेला, चुकलेला, पुन्हा करताना पोर बघतं. या एका गोष्टीसाठी मी तो क्लास सोडणार नाही.

सलीमला मात्र मूळ प्रश्न वेगळाच वाटत होता. "दीपा, तुला पोरीला स्वसंरक्षण शिकवायचंय ना? मग नुसतं टाओलू करून ते येणार नाही." टाओलू म्हणजे हालचालींची ठरलेली मालिका. त्याने चीनमधल्या छंगतूची 2017 सालची लढत काढली. श्यू श्याओतुंग या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट) लढणाऱ्याने वेई लेई नावाच्या ताई ची, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेच्या, गुरूला काही सेकंदांत खाली पाडलं होतं. त्या व्हिडिओवरून चीनमध्ये केवढा गदारोळ झाला होता.

इथे मी सलीमच्या बाजूने आहे. समोरचा खरंच धक्का देतोय, हात धरतोय, अंगावर येतोय, याची सवय नसेल तर सुंदर टाओलू ऐनवेळी आठवत नाही. पण वूशूत 'सांदा' हा लढतीचा प्रकार आहेच, ठोसा, लाथ आणि फेक तिन्ही असलेला. मणिपूरच्या रोशिबिना देवीने 2023 च्या हांगझोऊ आशियाई खेळांत सांदाच्या 60 किलो गटात रौप्य मिळवलं. त्याच वेळी अरुणाचलच्या तीन वूशू खेळाडू मुलींना चीनने प्रवेश नाकारला म्हणून जाता आलं नव्हतं. रोशिबिना आपल्या पदकाबद्दल बोलताना त्यांना विसरली नाही. दीपाने हे ऐकून लगेच मोबाईलवर तिची लढत शोधली आणि कट्ट्यावर पाच मिनिटं तेच चाललं.

लहान मुलांना डोक्यावर मारायची लढत नको, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. पॅडवर मारू दे, पडायचं कसं ते शिकू दे, पकड सोडवू दे. आम्ही आधी दुसऱ्या एका क्लासमध्ये जायचो, तिथे उशीर झाला की पोरांना फरशीवर मुठींवर पुशअप्स मारायला लावायचे. याला ते शिस्त म्हणत. दहा वर्षांच्या पोराची कोवळी बोटं आणि टाइल्सची फरशी. मी आजही याला शिस्त म्हणणार नाही.

अण्णा म्हणाले, "आता माझ्या गुडघ्यांचं ऐका." आणि टपरीसमोर उभं राहून त्यांनी दाखवलंच. पाय खांद्यांपेक्षा रुंद, पाठ सरळ, बूड खाली. "पहिल्या दिवशी मी पोरांबरोबर मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत बसायला गेलो. सरांनी येऊन खांद्याला धरून वर उचललं. म्हणाले, अण्णा, तुमचा घोडा उंच राहू दे, फक्त गुडघा आत पडू देऊ नका, तो पायाच्या बोटांच्या दिशेतच हवा." त्यांनी गुडघा मुद्दाम आत ढकलून दाखवला, मग बाहेर घेतला. फरक खरंच दिसत होता, मांडीचा स्नायू लगेच ताठ झाला. अण्णांना सर आता शेवटची वीस मिनिटं ताई ची देतात. म्हाताऱ्या माणसांचं पडणं त्याने कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. अण्णा मागच्या पावसाळ्यात जिन्यावर घसरले होते, त्यामुळे त्यांना हा विषय जिवाचा आहे.

त्या सरांची एकच गोष्ट मला पटत नाही. भिंतीवर बोधिधर्म या बौद्ध भिक्षूचं पोस्टर आहे आणि पोरांना सांगतात की त्यांनीच भारतातून चीनमधल्या शाओलिन मठात कुंग फू नेलं. शाओलिन मठ 495 च्या सुमाराचा, आणि तोही बातुओ या भारतातून आलेल्या दुसऱ्याच भिक्षूसाठी बांधलेला. भिक्षूंनी 621 मध्ये पुढे तांग सम्राट झालेल्या ली शीमिनच्या बाजूने लढाईत भाग घेतला, हे मठातल्या शिलालेखावर आहे. बोधिधर्माशी व्यायाम जोडणारा ग्रंथ थेट सतराव्या शतकातला. बंड्याला हे आवडलं नाही, "भारताचं नाव येतंय तर येऊ दे की" म्हणाला. पण पोरांना खरं सांगितलं तर ती काही क्लास सोडून जाणार नाहीत. उलट 621 ची गोष्ट जास्त रंगतदार आहे.

जाता जाता दीपाने दहावीच्या खेळाच्या गुणांचं विचारलं. खाजगी क्लासच्या पट्ट्याच्या सर्टिफिकेटवर ते मिळत नाहीत, शासनमान्य स्पर्धेत खेळावं लागतं. ते वूशूत शक्य आहे, पण आठव्या वर्षी त्याचा विचार करू नकोस, असं मी सांगितलं.

शेवटी ठरलं ते असं: शनिवारी दीपा लेकीला घेऊन आमच्या क्लासला नुसती बघायला येईल, पूर्ण वेळ बसेल. पालकांना आत बसू देत नाहीत असा क्लास तिला चालणारच नाही, आणि ते योग्यच आहे. सगळ्यात कच्च्या पोराशी सर कसे बोलतात ते बघ, एवढंच मी तिला म्हणालो. सलीम पॅड धरायला येतो म्हणालाय. बंड्याचं म्हणणं, पोरीला रविवारी मल्लखांबालाही घाल. दीपा त्यालाही नाही म्हणाली नाही, फक्त ती सकाळी सहाला उठते का ते आधी बघूया म्हणाली.