बातमीसाठी वर्गणी काढा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरची पानभर जाहिरात आणि त्याच भागातल्या पाणीटंचाईची आतल्या पानावर चार ओळींची बातमी, यात मला आता नवल वाटत नाही. आपण पेपरवाल्याला देतो त्यात कागदाचाही खर्च धड निघत नाही. बाकीचं बिल्डर भरतो, सरकारी जाहिराती भरतात, आणि भाऊंचा वाढदिवस भरतो. मिंधेपण आलंच.

यावर उपाय म्हणून देणगीवर चालणाऱ्या पत्रकारितेचं नाव निघतं. अमेरिकेतली प्रोपब्लिका ही शोधपत्रकारिता करणारी संस्था 2008 पासून अशीच चालते, 2010 मध्ये तिला पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिकही मिळालं. आपल्याकडेही काही उद्योगपतींच्या पैशातून स्वतंत्र माध्यमांना अनुदान मिळतं. चांगलंच आहे. पण मोठं अनुदान सहसा विषय ठरवूनच येतं. हवामानबदलावर वर्षभराचा प्रकल्प मांडा, कोणीतरी देईल. महापालिकेच्या निविदा रोज वाचत बसणाऱ्याला कोण देणार? नवी मुंबईत 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. नगरसेवक नाहीत, महासभेत प्रश्न नाहीत. खमक्या बातमीदार हवा होता तो तेव्हा.

शिवाय देणगीची दोरी सरकारच्याही हातात असते. रिपोर्टर्स कलेक्टिव्ह या आपल्याकडच्या शोधपत्रकारांच्या संस्थेची ना-नफा नोंदणी आयकर खात्याने 2025 च्या जानेवारीत रद्द केली. तुमच्या पत्रकारितेतून सार्वजनिक हित साधत नाही, असं कारण दिल्याचं संस्थेने सांगितलं. (मग कशातून साधतं, तेही खात्याने एकदा सांगावं!) परदेशी पैशाचा तर प्रश्नच नाही, वृत्तपत्रांच्या बातमीदार-संपादकांना तो घ्यायला कायद्यानेच बंदी आहे.

म्हणून मी म्हणतो, सरळ वर्गणी काढा. विनायक लक्ष्मण भावे आणि मंडळींनी 1893 मध्ये याच ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं, तेव्हा ते कुणा सरकारची वाट बघत बसले नव्हते. हजार घरांनी महिना शंभर रुपये दिले तर दोन बातमीदारांचे पगार निघतील. बातमी मात्र सगळ्यांना फुकट, न देणाऱ्यालाही. देणगीवरची करसवलत नाही मिळाली तरी चालेल, शंभर रुपयांवर किती कर वाचणार आहे?

धोका आहे, तो गणपती मंडळांत आपण बघितलाय. आधी घरोघरी पावती फाडायची, मग एक वर्ष भाऊ मोठी रक्कम देतात, पुढच्या वर्षी कमानीवर त्यांचा फोटो आणि पावतीपुस्तक कपाटात. त्यामुळे मर्यादा आधीच लिहून ठेवा: एका घराकडून वर्षाला पाच हजारांच्या वर घ्यायचे नाहीत, आणि देणाऱ्यांची यादी दर महिन्याला छापायची. भाऊंनाही तोच नियम, बिल्डरलाही तोच.