बारा पॉइंट सहा

ट्रेलर मागे घेताना तो उजवीकडे न्यायचा असेल तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं, एवढी एकच गोष्ट मी विकणाऱ्याकडून नीट समजून घेतली. बाकी सगळ्याला त्याचं एकच उत्तर होतं. फ्रिज? "वर्किंग आहे." पाण्याचा पंप? "वर्किंग." बॅटरी? "कालच चार्ज केलीय." जनरेटर? "एकदम वर्किंग साहेब, फक्त दोन वर्षं लावलेला नाही."

त्यातला 'फक्त' मला तिथेच खटकायला हवा होता. पण समोर घडीचा पलंग होता, वाटीएवढं का होईना सिंक होतं, खिडक्यांना जाळ्या होत्या. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्याची बातमी वाचल्यापासून हे खूळ माझ्या डोक्यात होतं. सरकारला धोरण आणायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ मला बायकोला पटवायला लागला. ती शेवटी एका अटीवर तयार झाली : "अहो, पंखा चालला पाहिजे." पंखा 'वर्किंग' होता.

मेहुण्याने या खरेदीनिमित्त मला मल्टिमीटर भेट दिला. तो स्वतः कॉम्प्युटरवाला, पण बॅटरीवर बोलायला लागला की डॉक्टर वाटतो. त्याने फोनवर शिकवणी घेतली : गाडी बंद ठेवून मोजायचं, १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी फुल्ल, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे बसली. मला हा आकड्यांचा हिशेब फार आवडला. आयुष्यात इतर कुठेच असं एका आकड्यात उत्तर मिळत नाही.

डिसेंबरात निघालो. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट. घाटात माझ्या जीपमागे ट्रेलर, ट्रेलरमागे दोन एसट्या आणि एक विटांचा ट्रक अशी मिरवणूक होती. मोकळी जागा मिळताच एसटीचा ड्रायव्हर शेजारून गेला आणि जाताना माझ्याकडे बघून त्याने फक्त मान हलवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पुढे नांदगाव, तळेबाजार, जामसंडे करत देवगड गाठलं, बंदरावर सात-आठ बांगडे आणि एक सुरमई घेतली, आणि मिठमुंबरीच्या बाजूला एका काकांच्या कलमांच्या बागेत ट्रेलर लावला. काका ओळखीच्यांच्या ओळखीचे. जागा म्हणाल तर स्वर्ग : वर हापूसला आलेला मोहोर, खाली समुद्र, लांब देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या. जमीन मात्र समुद्राकडे उतरती. चाकांना चिऱ्यांची उटी लावली आणि आता वीज, पाणी, हॉटेल, कुणाकुणाचं म्हणून देणं लागत नाही अशा आवेशात मी मीटर काढला.

१२.६.

मी तो आकडा बायकोला दाखवला. मुलाला दाखवला. काकी कुतूहलाने बघायला आल्या होत्या, त्यांनाही दाखवला.

पंखा लावला. पंख्याने एक गिरकी घेतली, दुसरी विचार करून घेतली आणि तिसरी घेतलीच नाही. दिवा लावला तर हळदीच्या पाण्यासारखा उजेड पडला. पंप लावला तर तो आजारी म्हशीसारखा हंबरला आणि पंपाच्या दुःखात सहभागी होऊन दिवाही विझला. मी पुन्हा मीटर लावला. १२.५. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती आणि ट्रेलर मेलेला होता.

आमच्या नात्यात असे एक गृहस्थ आहेत. लग्नाच्या आदल्या दिवशी येतात, बाह्या सरसावून उभे राहतात, "काही काम असलं तर सांगा हं" म्हणतात. साधी सतरंजी पसरायला सांगितली की त्यांची कंबर धरते. ही बॅटरी त्या घराण्यातली आहे हे कळायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. त्या संध्याकाळी मात्र मी अर्थिंगच्या मागे लागलो.

त्यालाही कारण होतं. ट्रेलरचं दार आपटलं की दिवा क्षणभर लख्ख पेटायचा. मेहुणा फोनवर म्हणाला, "अर्थ लूज आहे दाजी. बॅटरीची निगेटिव्ह वायर जिथे चासीला कसलीय तिथे बघा." फोनला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर, आणि चासी ट्रेलरच्या पोटाखाली. मी पोटाखाली शिरायचो, बघून यायचो, विहिरीवर जाऊन सांगायचो, पुन्हा शिरायचो. बोल्ट सापडला तेव्हा तो बोल्ट आहे हे आठवावं लागलं, इतका गंजाचा गोळा झाला होता. बॅटरीच्या टर्मिनलवर तर पांढरं-हिरवं असं काही उगवलं होतं की मुलाला ते बुरशीवरच्या प्रोजेक्टसाठी हवं होतं. खाऱ्या हवेत हे फार लवकर वाढतं, असं काकी म्हणाल्या. त्यांच्या भावाची मासेमारीची होडी आहे. त्यांनीच खायचा सोडा पाण्यात कालवून दिला. तो ओतल्यावर टर्मिनल फसफसलं, ब्रशने घासल्यावर शिसं चमकलं, वर व्हॅसलिनचा हात फिरवला. बोल्टची जागा पॉलिश पेपरने घासून उघडी केली. एवढं केल्यावर दिवा हळदीचा केशरी झाला.

तोवर बांगड्यांचा प्रश्न उभा राहिला. फ्रिज म्हणजे आता दार असलेलं कपाट होतं. बायको एक शब्द बोलली नाही. तिने पिशवी उघडून वास घेतला आणि पिशवी माझ्या नाकाखाली धरली. काकी पुढे झाल्या : "हाडा हंयसर ते बांगडे. आमच्याकडे इन्व्हर्टर नाय, पण चूल असा." कुणाकुणाचं म्हणून देणं न लागण्याचा माझा कार्यक्रम साधारण अडीच तास चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनरेटर. दोरी ओढायची. मी मोजून बत्तीस वेळा ओढली. चोक बंद करून, चोक उघडून, देवाचं नाव घेऊन, विकणाऱ्याचं नाव घेऊन. तेहतिसाव्या वेळी तो एकदा खोकला. तेवढ्यात काका झाडांवर फवारणी करायचा पंप घेऊन चालले होते. ते थांबले, जनरेटरच्या टाकीचं झाकण उघडून त्यांनी वास घेतला. (या सहलीत प्रत्येकाने कशाचा ना कशाचा वास घेतला.)

"ह्येच्यातला पेट्रोल कितक्या वर्सांचा?"

मी 'फक्त'वालं वाक्य सांगितलं. काका हसले. मोहोराचे दिवस आले की दरसाल पंपाचं इंजिन त्यांच्याशी असंच वागतं. पेट्रोल महिनोन्महिने साठून राहिलं की त्यातलं हलकं ते उडून जातं आणि मागे गोंदासारखा चिकटा राहतो. तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो, आणि जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणच्या हवेत पाण्याला काय तोटा. "फवारणीचो पंप तसोच ठेवलो काय, असोच रुसता," म्हणत त्यांनी टाकी रिकामी केली, कार्बोरेटरची वाटी खोलली. आत चक्क काकवी होती. वायरीतला तांब्याचा एक तंतू उपटून त्यांनी जेटमधून ओवला, उजेडाकडे धरून भोकातून आभाळ दिसतं का ते बघितलं, प्लग पुसला, ताजं पेट्रोल घातलं आणि मला म्हणाले, "ओढा."

पहिल्या ओढीला जनरेटर सुरू झाला. मुलाने टाळ्या वाजवल्या. दहा सेकंदांनी जनरेटर बंद पडला. पुन्हा ओढला, पुन्हा दहा सेकंद. काकांचं ज्ञान तिथे संपलं, आणि कोकणी माणसाचं ज्ञान संपतं तिथून मेस्त्री सुरू होतो.

मेस्त्री अकराला येतो म्हणाले आणि चारला आले. आल्यावर आधी चहा घेतला. चहा घेता घेता त्यांनी माझ्याकडे, मग जनरेटरकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"वाकडो असा."

मला वाटलं माझ्याविषयी चाललंय. पण ते जनरेटरबद्दल बोलत होते. इंजिनाच्या पोटात तेल असतं, तेल कमी झालं की एक तरंगता तुकडा खाली जातो आणि स्पार्क तोडतो, म्हणजे इंजिन कोरडं फिरून जळत नाही. उतारावर ठेवलं की तेल एका बाजूला जातं, तुकडा फसतो आणि भरल्या पोटी इंजिन उपाशी असल्याचं सोंग घेतं. "वाकडो असलो तर चलतलो कसो?" मेस्त्रींनी चहाची बशी धुतली, तिच्यात पाणी घातलं, बशी जनरेटरवर ठेवली आणि पाणी चहूकडे काठाला सारखं लागेपर्यंत खाली चिऱ्याचे तुकडे सरकवले. जनरेटर सुरू झाला आणि सुरूच राहिला. त्या आवाजात मोहोरावरच्या मधमाश्यासुद्धा उठल्या. मी आनंदाच्या भरात तो खिडकीखाली आणायला निघालो तेव्हा मात्र मेस्त्री ओरडले. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. जनरेटर उघड्यावर, लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

इतकं झाल्यावर ट्रेलरमध्ये वीज आली का? नाही. जनरेटर धडधडतोय आणि आत काळोख. मेस्त्रींनी डोकं खाजवलं, मी मीटर काढला, काकांनी पुन्हा वास घेतला. मुलाने जनरेटरवरचं एक बटण दाबलं आणि दिवे लागले. ब्रेकर पडला होता. आम्ही तिघे मोठे पुरुष थोडा वेळ समुद्राकडे बघत उभे राहिलो. लगेच बायकोने चहासाठी इंडक्शनची शेगडी लावली आणि ब्रेकर पुन्हा पडला. शेगडी दोन हजार वॉटची, जनरेटर दोन केव्हीएचा, आणि त्याच्या पाटीवरचा आकडाही ताकद चांगली असतानाचा.

मग मेस्त्री बॅटरीकडे वळले. मी अदबीने मीटर पुढे केला : रात्रीच्या विश्रांतीनंतरही १२.४ होते. मेस्त्रींनी मीटर हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि खाली ठेवला. "मीटर काय सांगता ता ऱ्हवांदे. बल्ब काय सांगता ता बघूया." पिशवीतून त्यांनी जीपच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा जुना बल्ब काढला, दोन वायरी बॅटरीला लावल्या. बल्ब पेटला आणि डोळ्यांदेखत पेंगला. आता मीटर धरायला लावला : १०.४. साडेचार-पाच अँपिअरचं काम सांगितलं तर बाईंना दोन व्होल्टची भोवळ. बॅटरीत सहा सेल, प्रत्येकाचे दोन व्होल्ट आणि वर थोडं. सहातला एक सेल नेमका कामाच्या वेळी पळून जात होता. आतल्या ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवल्यावर पाच सेलांतला तरंगा वर राहिला, सहाव्यातला तळाला टेकला. वाटेत जीपने ओतलेल्या चार्जिंगवर तिने मला सगळ्यांसमोर १२.६ दाखवले होते.

"बॅटरी चांगली असा," मेस्त्री म्हणाले, "फक्त काम करूक सांगू नको."

पुन्हा 'फक्त'.

तरी मी हट्टाने हिशेब मांडला. शंभर अँपिअर-अवरची बॅटरी, दहा अँपिअरचा चार्जर, म्हणजे धडधाकट बॅटरीलाही दहा-बारा तास. त्या पेट्रोलमध्ये देवगडहून घरी गेलो असतो, घरचा पंखा लावला असता आणि उरलेल्यात बांगडे आणले असते. नवी बॅटरी इन्व्हर्टरची ट्यूब्युलर घ्या, गाडी स्टार्ट करायची नको, असं मेस्त्रींनी बजावलं. गाडीची बॅटरी एका क्षणात जोर लावायला केलेली असते. तिला रात्रभर थोडं थोडं काम दिलं की ती खचते. माझंही तसंच आहे म्हणालो, तर बायको म्हणाली, "तुमचा तो एक क्षण कुठला?"

रात्री आठच्या सुमारास गावची लाईट गेली. लांब सड्यावर पवनचक्क्यांचे आकार तेवढे अंधारात उभे. काकांच्या घरातून काकींचा "गेली!" असा आवाज आला, आणि त्या आवाजात नुसता अंधार नव्हता, मालिका होती. मालिकेतल्या लग्नाच्या मांडवात पाकीट उघडायचं राहिलं होतं, आणि ते आज उघडणार होतं.

आख्ख्या वाडीत धडधडणारी एकच वस्तू होती आणि ती माझी होती. मी छाती काढून वायर घेऊन निघालो, पण मेस्त्री आडवे आले. घरातल्या प्लगात जनरेटरची वायर खुपसायची नाही. तो करंट उलटा लाइनवर चढतो, आणि वर खांबावर कुणी वायरमन असला तर त्याच्या जिवावर बेततं. तेव्हा वायर घरात न्यायच्या ऐवजी टीव्हीच खळ्यात आणला. डिशची केबल खिडकीतून ओढली, तुळशीशेजारच्या कट्ट्यावर टीव्ही मांडला. शेजारच्या वाडीतनं माणसं आली, पाट आले, एका आजींची आरामखुर्ची आली. सुरमईचे तुकडे चुलीवरून येत होते. फ्रिज सोडून सगळं काही चालू होतं. मी पहिल्या रांगेत, मालकासारखा.

पाकीट हातात आलं. नवऱ्याच्या आईने ते फोडायला घेतलं. ढोल वाजले, तीनदा तेच तोंड तीन बाजूंनी दिसलं, आणि जनरेटर एकदा खोकून गप्प झाला. सगळीकडे काळोख. समुद्राचा आवाज अचानक अगदी खळ्यापर्यंत आला. कुणीच काही बोलेना.

मग काळोखातून काकी म्हणाल्या, "पावण्यानू, वाकडो झालो काय बघा ओ."

मी टॉर्च आणि बशी घेऊन उठलो.