रंग सोडा, टाच बघा

‘शॅमेलिऑन नर की मादी, दहा सेकंदांत ओळखा’ असा एक मराठी मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. इथे अमेरिकेत शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारे सरडे, पाळणाऱ्या आमच्या ओळखीच्या घरांतून तो मला आतापर्यंत चारदा आलाय. दावे पाच. भडक रंगाचा तो नर. डोक्यावर तुरा असेल तो नर. शिंगं असतील तो नर. सहा महिन्यांपर्यंत पिल्लाचं काहीच कळत नाही. आणि मादी एकटी असेल तर अंड्यांची काळजी नको. यातला एकही जसाच्या तसा खरा नाही, आणि शेवटच्या दाव्याने तर जनावर मरतं.

रंगाचा दावा आला कुठून, ते कळतं. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनमध्ये वयात आलेला नर लाल-हिरवा-निळा झळकतो आणि मादी बहुधा फिकट, गुलाबीसर-तपकिरी असते. पण त्यांची लहान पिल्लं सगळीच मातकट. शिवाय इथे अमेरिकेत जास्त पाळला जातो तो व्हेल्ड शॅमेलिऑन, येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला. त्याची पिल्लं, नर असोत की मादी, पोपटी-हिरवी. पोटात अंडी असलेली व्हेल्ड मादी काळपट हिरवी होते आणि अंगावर पिवळे-निळे ठिपके उठतात, भल्याभल्या नरापेक्षा भडक. म्हणजे या नियमाने ती नेमकी गाभण असताना नर ठरणार! 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की पँथरच्या कातडीतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदलतं आणि रंग पालटतो. ज्याच्या नावाने आपण रंग बदलणाऱ्या माणसांना शिव्या घालतो, त्याचीच ओळख रंगावरून पटवायची, हे जरा अतीच.

तुरा व्हेल्डच्या दोघांनाही असतो. मोठ्या नराचा चांगला पाच सेंटिमीटरच्या वर जातो, मादीचा बुटका राहतो. पण शेजारी तुलनेला दुसरा नसेल तर बुटका कशाला म्हणायचं? शिंगांचं तर थोडक्यात आटपू. पूर्व आफ्रिकेतल्या जॅक्सन शॅमेलिऑनच्या नराला तीन शिंगं असतात हे खरं, पण त्याच्याच एका उपजातीत माद्यांनाही शिंगं येतात. मेलर नावाच्या जातीत नाकावरचं छोटं शिंग दोघांनाही असतं. पँथर आणि व्हेल्डला ती कुणालाच नाहीत.

आता सहा महिन्यांचं. व्हेल्डचा नर अंड्यातून बाहेर येतो तोच खूण घेऊन. मागच्या पायाची बोटं दोन गठ्ठ्यांत वाटलेली असतात, चिमट्यासारखी. त्या पंजाच्या मागे, टाचेपाशी, नराला एक बारीक टेंगूळ असतं. पिल्लात ते ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, मोठेपणी कोंबड्याच्या आरीसारखं पुढे येतं. मादीची टाच सपाट. त्यासाठी पिल्लाला मुठीत धरून उलटंपालटं करायची गरज नाही. काठीवर चालू द्या, मागून मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. पँथरला टाचेची खूण नसते. तिथे शेपटीचं मूळ बघायचं: नराचं आतल्या जननेंद्रियांमुळे फुगीर, मादीचं सरळ निमुळतं होत गेलेलं. हे साधारण तीन-चार महिन्यांत दिसू लागतं.

एवढं ठामपणे सांगतोय, कारण मी स्वतः फसलोय. दुकानदाराने ‘नर’ म्हणून दिलेला व्हेल्ड आणला, नाव ठेवलं बंड्या. टाच बघायचं सुचलंही नाही. सातव्या महिन्यात बंड्याने खाणं टाकलं, एरवी फांदीवरून न उतरणारा प्राणी पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा घालू लागला. तिसऱ्या दिवशी मनीप्लांटच्या कुंडीत मान घालून माती उकरताना दिसला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर पोट अंड्यांनी गच्च. त्या रात्री बादलीत ओली वाळू भरून आत ठेवली. सकाळी बोगदा खणलेला, वरून नीट बुजवलेला. खाली 38 अंडी.

नर आयुष्यात कधी दिसला नव्हता तिला. गावाकडे कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी घालते, हे कुणाला सांगावं लागत नाही. व्हेल्ड मादीचंही तसंच. चार-सहा महिन्यांत वयात येते आणि मग एकटीच असली तरी वर्षातून काही वेळा पिल्लं न निघणारी अंडी घालते. एका वेळी वीस-तीस सहज, कधी त्याच्या दुप्पट. खणायला जागा मिळाली नाही तर ती अंडी रोखून धरते, ती आत अडतात आणि मादी जाते. म्हणून पिंजऱ्यात फूटभर खोल, दमट वाळूमातीची बादली हवीच. ती खणत असताना पिंजऱ्यावर चादर टाका, कारण कुणी बघतंय असं वाटलं तर काम अर्धवट सोडते. आणि खायला घालताना हात आवरता ठेवा, खाणं जास्त तेवढी अंडी जास्त.

विदर्भातल्या एका मित्राने विचारलं, शेताच्या बांधावरच्या घोयऱ्याला, म्हणजे आपल्या भारतातल्या शॅमेलिऑनला, हेच लागू का? लागू आहे, त्याच्याही नराला टाचेला आरी असते. त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातला ‘कॅल्करेटस’ म्हणजे आरीवाला, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत तो त्याच नावाने आला. त्याला पकडणं आणि पाळणं, दोन्ही गुन्हा आहे. तेव्हा मित्रा, फोटो लांबूनच काढ.