काउंट नॉर्मल म्हणजे रक्त थांबणारच? नाही हो

तो मेसेज परत फिरतोय, 'प्लेटलेट दीड लाखाच्या वर असल्या की रक्तात काही दोष नाही, नाकातून रक्त येतं ती उष्णता, पाळीत जास्त जातं ते घराण्यातच असतं, फारच वाटलं तर पपईच्या पानांचा रस द्या.' एकेक घेऊ, कारण माझ्या भाचीची तीन वर्षं याच समजुतीत गेली.

पहिलं म्हणजे काउंट. काउंटमध्ये प्लेटलेट किती ते कळतं, त्या चिकटतात का ते कळत नाही. प्लेटलेट नुसती तशी चिकट नसते, तिच्या आवरणावर ग्लायकोप्रोटीन असतात, म्हणजे साखरेच्या साखळ्या लागलेली प्रोटीनं, आणि पकड त्यांची असते. शीर फाटली की आतलं कोलॅजन, म्हणजे शिरेच्या भिंतीतलं धाग्यासारखं प्रोटीन, उघडं पडतं, त्यावर रक्तातला फॉन विलेब्रांड फॅक्टर (हेही एक प्रोटीनच) येऊन बसतो आणि जोरात वाहत चाललेली प्लेटलेट जीपी वन-बी या ग्लायकोप्रोटीनने त्याला धरते, वेग कमी होतो, ती थांबते. मग जीपी टू-बी थ्री-ए हे दुसरं ग्लायकोप्रोटीन, जे तोवर मिटून बसलेलं असतं, ते उघडतं आणि रक्तातलं फायब्रिनोजेन नावाचं प्रोटीन पकडतं, त्याच फायब्रिनोजेनला पलीकडून दुसरी प्लेटलेट धरते, असा गठ्ठा बनतो. एका प्लेटलेटवर हे टू-बी थ्री-ए साधारण 80 हजार असतात! ग्लान्झमान नावाच्या स्विस डॉक्टरने 1918 मध्ये ज्या आजाराचं वर्णन केलं त्यात नेमकं हेच ग्लायकोप्रोटीन नसतं किंवा बिघडलेलं असतं. काउंट एकदम नॉर्मल, आणि दात काढला तरी रक्त थांबत नाही.

उष्णतेचं म्हणाल तर एखाद्या वेळी उन्हाळ्यात घोळणा फुटणं वेगळं आणि वर्षभर घोळणा, हिरड्यातून रक्त, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग हे वेगळं.

घराण्यातच असतं हे मात्र खरं असू शकतं, पण मग तेच तर तपासायचं कारण आहे ना. फॉन विलेब्रांडचा आजार, म्हणजे तो वरचा फॅक्टरच कमी किंवा बिघडलेला असणं, बहुतेकदा आईकडून किंवा वडिलांकडून सरळ येतो. ग्लान्झमानमध्ये दोघांकडून सदोष जीन यावा लागतो, त्या दोघांना स्वतःला त्रास नसतो, म्हणून आत्तेमामे भावंडांच्या लग्नात शक्यता वाढते.

पपईचा रस? जीनमधला दोष रसाने जात नाही, आणि ज्या प्लेटलेटला पकडच नाही तशा आणखी वाढवून काय होणार.

प्लेटलेट अ‍ॅग्रीगेशन (प्लेटलेट एकमेकींना चिकटतात का ते बघणारी) आणि फ्लो सायटोमेट्री (त्यांच्यावर ती ग्लायकोप्रोटीनं आहेत का ते बघणारी) या टेस्टबद्दल रक्ताच्या डॉक्टरांना विचारा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, इम्युनोहिमॅटॉलॉजीची (रक्ताच्या आजारांवर काम करणारी) संस्था आहे. आणि तोवर अंगदुखीला अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका, त्याने प्लेटलेट आणखी कमी चिकटतात, प्लीज.